अंथरुणासकट फवारणी

गंगाराम जाधव कुंपणापलीकडेच राहायचा, तरी शिवरामला तो फारसा कळला नाही. मुंबईत नोकरी करून परत आलेला, अबोल माणूस, एवढंच. हातखंब्याची थंडी ती केवढी! पण पौष लागला की गंगाराम गोधडीत शिरायचा आणि जेवणापुरता बाहेर यायचा. नेमका तेव्हाच आंब्याला मोहोर. दोघांच्या कलमांना फवारणीचा पंप एकच होता. एकाने पंप चालवायचा, दुसऱ्याने नळी धरायची.

गेल्या पौषात मोहोरावर तुडतुडे पडले. वारा सुटायच्या आत फवारलं नाही, तर दोघांचाही हापूस गेला. शिवराम पहाटेच दारात हजर.

"भावजी, अस्वल आत आहे," गंगारामची बायको जाईबाई म्हणाली. "तुम्हीच हलवा. मी हरले."

"गंगारामा, ऊठ मेल्या! तुडतुडे कधीचे जागे झालेत."

"त्यांना गोधडी नाही, म्हणून," आतून आवाज आला.

शिवरामने पाय धरून ओढलं. गंगाराम आला, पण गोधडी सोडेना. ती त्याने सुतळीने कमरेला बांधली, माकडटोपी चढवली आणि नळी धरली.

"उठलेलो नाही मी. अंथरूण घेऊन आलोय."

मोहोर वाचला. औषधाने माखलेली गोधडी बघून जाईबाईने नवऱ्याच्या सात पिढ्या काढल्या.

पावसाळ्यात गंगाराम गेला. झोपेतच, दुसरा कसा जाणार! आदल्या संध्याकाळी शिवराम कुंपणाशी थांबला होता.

"पंपाची नळी चिरलेय रे. उद्या रत्नागिरीतून आणूया?"

"आणू. पण जेवून निघू," गंगाराम म्हणाला.