पऱ्हाटीतली राणी

मित्रमैत्रिणींनो, आज मी लय जळून राह्यली, म्हणून इथं लिहून टाकते.

अकरावीले आम्हाले एक जुनं नाटक आहे. त्यातलं राणीचं स्वगत मी आमच्या वावरात पऱ्हाटीचा कापूस वेचता वेचता तोंडपाठ केलं. आज वर्गातली प्राची तिथंच आली, आईचा शालू नेसून. म्हणे, "तू मोबाईल धर, मी राणी होते." ती सारखी अडखळे अन् मी हळूच पुढचं वाक्य सांगे.

संध्याकाळी तिनं व्हिडिओ टाकला. लोक लिहून राह्यले, "काय अभिनय! काय पांढरंशुभ्र शेत!" मराठीच्या सरांनीही टाळ्या पाठवल्या. माह्या नावाचा कुठं पत्ता नाही. त्या बोंडांत अळी पडली, हे तर कोणालेच दिसलं नाही.

आत्ता तिचा फोन आला होता. "परवा अजून एक करू वं. पण तेच वावर पाह्यजे!"

मी म्हटलं, "ये ना."

अळीपायी बाबा उद्याच सगळी पऱ्हाटी उपटून टाकणार आहेत. हे मी तिले सांगितलं नाही.

खरं बोला, तुम्ही सांगितलं असतं?