उलट्या सिंहाचं नाणं आन् बन्सीधरची मिशी

माझ्या धाकट्या भावाकडं, बन्सीधरकडं, दोनच गोष्टी हायत. राणीसावरगावात पिठाची गिरणी, आन् मिशी. गिरणी बापानं घालून दिली, मिशी त्यानं सोता कमावली. सकाळी लोणी लावून पीळ द्यायचा, दुपारपर्यंत ती पिठानं पांढरी व्हायची, संध्याकाळी झटकली की पुन्हा काळी कुळकुळीत. त्याची बायको सुमन म्हणायची, "आवं, लेकरांच्या भाकरीला तरी लोणी उरू द्या." पर ऐकल तर तो बन्सीधर कसला!

तेवढ्यावर भागलं असतं. पर चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात परभणीचे आबासाहेब एका लग्नाला गावात आले. त्यांना नाणी जमवायचा नाद. मोठा माणूस, करायला दुसरं काम न्हाई. गिरणीपुढं सावलीला बसले आन् गल्ल्यातली चिल्लर उपसून माझ्या भावाला शिकवायला लागले. सालाखाली बारीक चांदणी असली तर नाणं हैदराबादच्या टांकसाळीतलं, पत्त्यातल्या चौकटवानी ठिपका असला तर मुंबईचं, कायच नसलं तर कलकत्त्याचं. मग म्हणाले, "कमळाचं पिवळं वीस पैशाचं नाणं घे. कमळ सरळ धर, आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं बाजूनं पलट. मागचे सिंह सरळ उभे असले तर जाऊन चहा पी. पण डोक्यावर उभे दिसले तर समज, टांकसाळीत ठसा चुकलाय. असलं नाणं माझ्याकडं आण. शंभर रुपये देतो."

झालं! तवापासून दळणाला गेलेली बाई लवकर घरी येईना. हा प्रत्येकीचं नाणं घेणार, फुंकर मारून पीठ उडवणार, कमळ सरळ धरणार, पलटणार, पुन्हा पलटणार. माघं पट्टा सुटला तरी ह्याचं ध्यान न्हाई. बाया बी कमी न्हाईत. दळण न आणताच पदराची गाठ सोडायच्या आन् म्हणायच्या, "दादा, माझे सिंह बघ की." एक म्हातारी तर कमळच उलटं धरून सिंह उलटे झाले म्हणून भांडून गेली.

आता आमचे मालक. गाव त्यांना तात्याराव म्हणतं, बन्सीधरचे ते दाजी. मेहुण्याला डिवचल्याबिगर त्यांना घास गोड लागत न्हाई. पारावर चारचौघांत म्हणले, "काय पिठोबा, घावला का सिंह? आरं, वीस पैशाला शंभर रुपये द्यायला आबासाहेबाला काय येड लागलंय?"

बन्सीधरच्या डोक्यात तिडीक गेली. मिशीवर हात ठेवून म्हणला, "दाजी, पोळ्यापर्यंत असलं नाणं हुडकून इकून दाखवीन. न्हाई इकलं तर हितंच, पारावर, मिशी उतरवीन. आन् इकलं तर तुमी मला सगळ्यांसमोर बन्सीधरराव म्हणायचं."

मालकानं टाळी दिली. मला कळलं तवा मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आन् आमचा बाप तर चांगला धडधाकट, दारात बिडी ओढत बसलेला! वीस पैशापायी ह्या येड्यानं मिशी पणाला लावली.

पर घावलं की हो! पोळा तोंडावर आला तवा, कुणाच्यातरी ज्वारीच्या दळणाच्या पैशात. बन्सीधर गिरणी चालूच ठेवून माझ्या दारात पळत आला, पिठानं पार भूत झालेला. मी सोता कमळ सरळ धरून पलटलं. सिंह खरंच खाली डोकं वर पाय! मालकानं बी बघितलं, आन् त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला लय बरं वाटलं. नवरा नवऱ्याच्या जागी, पर भावाची मिशी ती भावाची मिशी.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं परभणीला निघालो. ह्याला एकट्याला सोडायची माझी छाती न्हाई. गंगाखेडला पॅसेंजर धरली. मी बजावलं, "डाव्या खिशात गंगामाईला टाकायचं नाणं, उजव्यात सिंहाचं. उगं हात लावू नको." पर हा घडीघडी काढायचा, पलटायचा, सिंह अजून उलटेच हायत का बघायचा.

"आरं, ते काय कूस बदलणार हायत का?" मी म्हणले.

गाडी गंगेच्या पुलावर चढली. आमी गोदावरीला गंगाच म्हणतो. पूल आला की डब्यातलं माणूस न् माणूस उठतं, खिडकीतून नाणं टाकतं, हात जोडतं. कुणाला सांगावं लागत न्हाई, हात आपला आपण जातो. मी टाकलं. बन्सीधरनं बी टाकलं. डोळे गच्च मिटून बराच वेळ पुटपुटला, आन् समाधानानं खाली बसला.

पोखर्णी आली तवा त्यानं पुन्हा उजव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. डाव्यातलं काढलं, पलटलं. सिंह सरळ. पुन्हा पलटलं. सरळच.

"आक्का," तो म्हणला, "सिंह पायावर उभे राहिले गं."

पूल आला तवा उलट्या सिंहाचं नाणं ह्याच्या मुठीतच होतं! तेच दिलं भिरकावून. मी त्याला काय काय बोलले ते सगळ्या डब्यानं ऐकलं. माघारी येताना खाली गंगा दोन्ही थड्या भरून वाहायली होती आन् हा खिडकीला डोकं टेकून बसला होता. रडायचाच काय तो बाकी होता.

पोळ्याला पारावर गाव जमलं. मालकाला मी घरातच हात जोडले होते, "सोडा की त्याला आता." ते सोडायला तयार बी झाले. पर बन्सीधरच म्हणला, "बोललो ते बोललो," आन् न्हाव्यापुढं जाऊन बसला. एक बाजू उतरली. सुमननं पदरात तोंड खुपसलं, रडायलीय का हसायलीय कळंना. मला राहवलं न्हाई. मी विचारलं, "मेल्या, पुलावर एवढा वेळ गंगामाईला मागत तरी काय होतास?"

खाली मान घालून म्हणला, "म्हणलं, माय, एवढी मिशी वाचीव. नारळ देतो."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. मालक पोट धरून पारावर आडवे झाले. मिशी वाचवणारं नाणं ह्यानं मिशी वाचावी म्हणूनच पाण्यात टाकलं, आन् वर नारळ कबूल केला! मी बी हसले, खोटं कशाला सांगू. दुसरी बाजू उतरायला लय वेळ लागला.

संक्रांतीपर्यंत मिशी पुन्हा पिळाएवढी वाढली. तवा एका सकाळी बन्सीधर हातात नारळ घेऊन गंगाखेडच्या मोटारीला निघालेला मला दिसला. मी वाटंतच अडवला. "आरं, नारळ कशाचा? वाचली कुठं तुझी मिशी?"

"वाचली न्हाई, ते खरं," मिशीला पीळ देत म्हणला, "पर आक्का, माघारी तर दिली ना तिनं."