डोळ्यातला कंत्राटदार

“डोळ्यात सुई? अहो, टोचायला माणसाला दंड आहे, मांडी आहे, बसायची जागा आहे, आणि तुम्ही थेट डोळ्यात?” थाटीपुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात वसंता उभा राहून असा ओरडत होता की समोरच्या बाकावरचे चार म्हातारे औषध घातलेले डोळे मिटायचं विसरले. नर्स म्हणाली, “बाबूजी, बैठिए, कुछ नहीं होगा.” वसंता म्हणाला, “तुम्हें नहीं होगा बिटिया, हमें होगा!” मी त्याचं मनगट धरून बसलो होतो. इतकं घट्ट, की माझी पाचही बोटं आठवडाभर त्याच्या हातावर उमटलेली होती, असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे घाम माझ्याच हाताला फुटला होता.

वसंता गेला त्याला आता सात आठवडे झाले. सकाळी चहाचा कप हातात असताना छातीत कळ आली आणि संपलं. शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाल बाजारातल्या माझ्या मसाल्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पटवत होतो की ही मिरची खाऊन हत्तीसुद्धा चंबळ पोहून गेला होता. ते वाक्य अर्धंच राहिलं. तेव्हापासून त्याच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसतो, आणि दर वेळी तो आधी त्या दवाखान्यात उभा राहून ओरडायला लागतो.

वसंता पगड्या बांधायचा. सराफ्यामागच्या गल्लीत माडीवर एक खोली, तिला एक खिडकी, आणि फळीवर ओळीने लाकडी डोकी. ग्वाल्हेरच्या मराठी घरातलं लग्न असलं की नवरदेवाच्या डोक्यावर बहुधा त्याच्याच हातची पगडी. आमचे दोघांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले. “माझे घोड्यावरून आले, तुझे पायी,” असं मी म्हणायचो. “तुझे घोड्याच्या मागून आले,” तो म्हणायचा, “लीद उचलत.” कापड भिजवायचं, पीळ द्यायचा आणि ओलं आहे तोवर लाकडी डोक्यावर चढवायचं. एकदा भिजवलं की उठायचं नाही. मध्येच वाळलं तर पीळ सैल पडतो आणि पगडी मेली. एकदा खिडकीतून माकड येऊन त्याचा चष्मा घेऊन गेलं, तरी हा उठला नाही. शेवटी माकडालाच लाज वाटली आणि त्याने चष्मा परत आणून दिला. (माकड आलं होतं, एवढं शपथेवर खरं.)

साखरेची व्याधी त्याला वीस वर्षांची. तिने आधी डावा डोळा धूसर केला, मग उजव्याकडे वळली. डॉक्टरीणबाई ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या मराठी घरातली तरुण मुलगी, बोलता बोलता हिंदीत घसरणारी. तिने समजावलं, “काका, आपल्या अंगात एक प्रोटीन असतं, व्हीईजीएफ. नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणं हे त्याचं काम. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या रक्तवाहिन्या बनायला हेच लागतं. जखम झाली की तिथे रक्त पोचवायलाही हेच धावतं. बहुत काम की चीज़ है. पण साखरेने तुमच्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नसा बंद पडल्यात. पडदा गुदमरतो, हाका मारतो, आणि हे प्रोटीन वाढत जातं. मग ते नव्या नसा काढतं, मगर कच्ची. त्या झिरपतात, फुटतात. सुईतलं औषध त्याला धरून ठेवतं. दर महिन्याला यायचं, काका. चुकवायचं बिलकुल नहीं.”

वसंताने विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे कंत्राटदार. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार केली की येतो, कच्चे पाइप टाकतो, आणि सगळ्या गल्लीत चिखल.” ती मुलगी इतकी हसली की सुई घ्यायला तो आपणहून आडवा झाला.

तीन सुया झाल्या. पगडीच्या काठावरची जर पुन्हा दिसायला लागली. आणि मग उन्हाळ्यात नवी चप्पल चावली. अंगठ्याला एवढीशी जखम, पण ती भरेना. हातातलं दिसलं तरी खाली पायाचा अंगठा त्याला नीट दिसायचा नाही, म्हणून रोज दुकानात येऊन पाय माझ्यापुढे धरायचा, “बघ रे, लाल आहे की काळा?” मी “लाल, लाल” म्हणायचो आणि पुड्या बांधायला वळायचो. डॉक्टरीणबाईला त्याने विचारलं होतं, डोळ्यातली सुई पायातल्या कंत्राटदारालाही हाकलेल का? मी शेजारीच होतो. ती म्हणाली होती, डोस अगदी थोडा असतो, बहुतेक डोळ्यातच राहतो. जखम वेगळी दाखवा, सुई चालू ठेवा. हे मी या दोन कानांनी ऐकलं होतं... आणि तरीसुद्धा एका दुपारी, दुकानात पाच-सहा माणसं जमलेली बघून, मला राहवलं नाही.

“अरे, कंत्राटदार एकच!” मी म्हणालो. “डोळ्यातून हाकललास तर पायाचं काम कोण करणार? माझ्या आत्याच्या दिराने मोरारला ही सुई घेतली. दाढी करताना कापलेलं सहा महिने भरेना. शेवटी त्या जखमेत तुळस उगवली. आत्या रोज पाणी घालायची!” दुकान हसलं. वसंताही हसला. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर तो आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. “थट्टा केली रे,” एवढं म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. किस्सा फारच रंगला होता...

त्याच महिन्यात आमच्या निखिलचं लग्न. तो नोकरीला पुण्याला, म्हणून पगडीचं माप वसंताने मला विचारलं. “साडेबावीस असेल ना?” “साडेबावीस कसलं? चोवीस धर,” मी म्हणालो. “आमच्या घराण्यात मेंदू मोठे.” लग्नाच्या चार दिवस आधी निखिल आला, पगडी डोक्यावर ठेवली, आणि ती नाकापर्यंत खाली आली. आतून आवाज आला, “बाबा, लाइट गई क्या?” त्याची आई हसून हसून भिंतीला टेकली. मी पगडी घेऊन पुन्हा माडीवर. वसंताने ती उलटी करून आत डोकावलं. “मेंदू वाटेत सांडला वाटतं,” म्हणाला. मग म्हणाला, “ठेव. होईल.” आणि झाली. लग्नात निखिलच्या डोक्यावर ती उगवल्यासारखी बसली होती. वसंता पहिल्या रांगेत बसून मंडपातल्या प्रत्येकाला सांगत होता, “चोवीस इंची!”

त्या महिन्याची सुई चुकली, हे मला लग्न उरकल्यावर कळलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. ती उजाडायच्या आत एका सकाळी त्याचा फोन आला. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज कुठल्या कुठे गेलेला. “डोळ्यात काळे धागे उतरतायत रे... पीळ सुटल्यासारखे.” रिक्षात मी सबंध वाट बडबडत होतो. काय बोललो, देव जाणे. डॉक्टरीणबाईने डोळ्यात बघितलं, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, “काका, मागच्या महिन्यात का नाही आलात?”

“राहिलं,” तो म्हणाला. आणि त्याने मान माझ्या बाजूला वळवली.

त्या वळलेल्या मानेचा अर्थ मी आजवर लावत आलोय. मला बघायला वळली, की नुसती वळली? त्या डोळ्याला तेव्हा काही दिसत तरी होतं का? डॉक्टरीणबाईने पुढे बरेच उपाय केले. एका चुकलेल्या सुईनेच हे झालं, असं ती कधी म्हणाली नाही. झालंच नाही, असंही म्हणाली नाही. उजव्या डोळ्यात फक्त उजेड आणि अंधार उरला. पगड्या थांबल्या. बोटांनी चाचपत एकदोन बांधल्या, त्या वाकड्या झाल्या, स्वतःच सोडल्या. आणि अंगठा? तो दिवाळीपर्यंत भरून कोरडा ठणठणीत! पाय माझ्यापुढे धरून म्हणाला, “बघ, तुळस नाही उगवली.” मी मोठ्याने हसलो. मग रात्री ध्यानात आलं. म्हणजे तुळस त्याच्या लक्षात होती. म्हणजे त्याने ती... पण विचारायचं धाडस झालं नाही. आयुष्यभर जिभेवर जगलेला माणूस मी, एवढा एक प्रश्न त्या जिभेवर चढेना. वाटायचं, बघू, होळीनंतर विचारू. होळीच्या आधीच तो गेला.

गेल्या आठवड्यात त्या माडीवर गेलो. खिडकी उघडी होती. वहिनी एकेक लाकडी डोकं जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवत होत्या. एकावर अर्धी चढवलेली पगडी तशीच होती, वाळून पत्र्यासारखी कडक, पीळ ढिले पडलेले. त्याच्या बोटांनी जिथे सोडली तिथे थांबलेली. वहिनींनी ती उचलली, पुसली, आणि गुंडाळायला पातळ शोधू लागल्या. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

“वहिनी,” मी म्हणालो, “ती सुई त्याने... माझ्या त्या तुळशीच्या गोष्टीला घाबरून चुकवली का?”

वहिनींनी पगडीवरची धूळ फुंकली.

“छे. तुमचं कोण खरं मानतं, भाऊजी. सुईच्या दिवशी निखिलची पगडी दुसऱ्यांदा भिजवली होती.”