भट्टीच्या बुडाशी

चांगुणा झारेकरीण. म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाशकातल्या सराफ बाजारात सोनार दिवसभर तासतात, कानस चालवतात, ठोकतात, आणि सोन्याचा कण उडतो तो उडतोच. दुकान झाडल्यावर तो केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. झारेकरी तो विकत घेतात, गोदावरीवर नेऊन लाकडी पाटीत धुतात आणि माती वाहून गेल्यावर तळाशी जे पिवळं उरेल त्यावर पोट भरतात. बाजाराचा कायदा एकच. केर विकला की आत निघेल ते झारेकऱ्याचं. कण निघो नाहीतर कंठी, सोनारानं तोंड उघडायचं नाही.

नवरा गेल्यावर चांगुणानं त्याची पाटी उचलली. तोंडानं फटकळ, पण हिशेबाला चोख. हिवाळ्यात पाण्यात उभं राहून पाय बधिर झाले तरी कुरकुर नाही. मनात मात्र एक हौस होती. जन्मभर चिमटीत कण वेचले. एकदा तरी मुठीत धरता येईल असा गोळा सापडावा!

ऐंशी साली ढुंढिराजशेठांनी त्या हौसेला फुंकर घातली. शेठांची पेढी जुनी, आणि पेपर मोठ्यानं वाचायची त्यांना खोड.

"चांगुणा, ऐक! ऑस्ट्रेलियात एकाला जमिनीत सोन्याचा धोंडा सापडला. सत्तावीस किलो! धातू हुडकायचं यंत्र घेऊन हिंडत होता म्हणे."

"अन् मी पाटी घेऊन हिंडते. मला हुंगायला तरी मिळंल का?"

"अगं, शंभर वर्षांपूर्वी तिकडंच याहून थोराड निघाला होता. झाडाच्या मुळाशी, वीतभरसुद्धा खाली नाही. तोलायला काटा पुरेना, म्हणून ऐरणीवर तोडला."

"अरारा! तोडला?" चांगुणाला त्या धोंड्याचीच दया आली. बाजारात मग तिची थट्टाच सुरू झाली. "काय चांगुणाबाई, निघाला का धोंडा?" असं जो तो विचारायचा. तीही म्हणायची, "निघाला की तुमच्याच डोक्यात घालीन."

आता फकिराचं सांगतो. हा शेठांचा कारागीर, हाताचा कसबी. बहात्तरच्या दुष्काळात एका गिऱ्हाइकाच्या पाटल्यांचं सोनं आटवताना मूस, म्हणजे ते वितळवायचं मातीचं भांडं, तडकली आणि रस भट्टीत सांडला, असं त्यानं सांगितलं. राख चाळली तर चिमूटभर निघालं. बाकीचं कुठं गेलं? "बुडाखाली झिरपलं असेल शेठ, भट्टी फोडून बघा," फकिरा हात जोडून सांगत राहिला. पण ती भट्टी शेठांच्या वडिलांनी बांधलेली, दसऱ्याला तिची पूजा व्हायची. भट्टी फोडली की घरातली लक्ष्मी उठून जाते, ही शेठांची पक्की समजूत. तेव्हा भट्टी राहिली आणि चोरीचा आळ घेऊन माणूस बाहेर पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता! पण त्या बाजारात एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. फकिरा देवळाली कॅम्पात स्टो दुरुस्त करायला लागला. चांगुणा तिकडं बाजाराला गेली की तो दिसायचा, पण ओळख दाखवायचा नाही. खाली मान घालून स्टोला पिना करत बसायचा.

पुढं शेठांनी गॅस आणला आणि भट्टीची अडचण व्हायला लागली. मग गुरुजींना विचारलं, नारळ वाढवला, आणि भट्टी मोडली. लक्ष्मी काही उठून गेली नाही बरं का! ती माती, विटा, बुडाखालची जमीन, सगळं रिवाजाप्रमाणे चांगुणानं विकत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर तिची पाटी जड लागली. तिनं बोटं फिरवली आणि हात तिथंच थांबला. सुपारीहून मोठा, चपटा, पिवळा गोळा! चांगुणाच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मुठीत धरला तर मूठ भरली. मग तिनं तो पालथा केला. खालच्या अंगाला काळा ठिकरा चिकटला होता. मुशीचा तुकडा, उभा तडकलेला.

ती घाटाच्या पायरीवर बसली. गप्प राहिली तर गोळा तिचा, कायदाच तसा. बोलली तर तो गिऱ्हाइकाच्या पाटल्यांचा ठरणार, आणि हिच्या हाती पुन्हा पाटी. तिला गोळा हवा होता. खोटं कशाला सांगू, फार हवा होता. ऊन चढेपर्यंत ती तशीच बसली. मग "सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?" असं स्वतःलाच म्हणाली आणि उठली.

तिनं गोळा शेठांच्या गादीवर ठेवला. शेठांनी ठिकरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "चांगुणा, केर तू घेतलास. हे तुझंच. घेऊन जा, आणि विषय वाढवू नकोस."

"घेतलं तर फकिरा चोरच राहतोय, शेठ."

"एवढ्या वर्षांनी त्याचं काय?"

"त्याचं काय ते त्यालाच इचारा ना! चला कॅम्पात, नायतर मी भर बाजारात वरडते."

ती ओरडली असती, हे शेठांना ठाऊक होतं. निघाले बिचारे तिच्याबरोबर. फकिरानं ठिकरा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला. शेठ म्हणाले, "फकिरा, चुकलं माझं. गिऱ्हाइकाचं मी तेव्हाच भरून दिलंय. हे सोनं तू ठेव."

"सोनं नको. माझ्या आईला सांगा," फकिरा म्हणाला. "ती अजून इचारती, कुठं पुरलंस रे?"

हे ऐकून चांगुणाचा जीव कळवळला. सख्ख्या आईनंसुद्धा!

तिघंही वणीच्या एसटीत बसले. फकिराची आई, नवसाबाई, दारात लसूण सोलत होती. डोळ्यांनी अधू, कानानं तल्लख. शेठ तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आजी, तुमच्या लेकानं काही घेतलं नव्हतं. सोनं माझ्याच भट्टीखाली होतं."

म्हातारीचे हात थांबले. "नव्हतं घेतलं?"

"नाही."

"अगं बया! अन् मी दर साली गडावर चढून याच्या चोरीची माफी मागत होते देवीकडं!" ती चाचपडत फकिराच्या तोंडावरून हात फिरवू लागली आणि रडू लागली. चांगुणाही पदर तोंडाला लावून रडली.

मग नवसाबाईनं डोळे पुसले, काठी मागितली आणि उठली.

"चल रे फकिरा, गडावर. मागितलेली माफी परत घ्यायची हाय. शेठ, तुमी पण चला. पाळी आता तुमची."