बयूमीकाकांची नवारा

बयूमीकाकांनी आमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एकच काम केलं. पहाटे कत्तलखान्यात जायचं, कापलेल्या म्हशींची अंडाशयं मिठाच्या कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये घालायची आणि बसनं झगाझीग शहरात माझ्या टेबलापर्यंत आणायची. बसमध्ये शेजारचा विचारायचा, "चहा का, काका? घोटभर मिळेल?" काका म्हणायचे, "साखर नाही त्यात." एवढ्या एका विनोदावर त्यांनी बावीस वर्षं काढली.

त्या अंडाशयांतली बीजं मी सुईनं ओढून काढते. म्हशीच्या बीजाला उष्णता सोसत नाही. आमच्याकडे भर उन्हाळ्यात बहुतेक म्हशी गाभणच राहत नाहीत. म्हणून मी एका बशीत नुसती बीजं ठेवते, दुसरीत डाळिंबाच्या सालीचा अर्क घालते आणि दोन्हींना एक्केचाळीस अंशांवर तापवते. अर्कातली जास्त जगतात. हे एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि ते ऐकून अजून कोणी खुर्चीतून उठलेलं नाही.

काका मात्र उठले. त्यांच्या घरची म्हैस, नवारा, तीन उन्हाळे रिकामी होती. दूध आटलं होतं. त्यांची बायको इन्साफ आठवडी बाजारात चीज विकायची, तिनं निक्षून सांगितलं होतं, सप्टेंबरपर्यंत गाभण राहिली नाही तर नवारा खाटकाकडे.

"तुमच्या शिशीतली अंडी जगतात म्हणे," ती माझ्यादेखत म्हणाली. "माझ्या दारातली म्हैस आटली, त्याचं बोला."

हिवाळ्यात काकांनी रसवाल्याकडून पोती भरभरून साली आणल्या, गच्चीवर वाळवल्या आणि इन्साफच्या जात्यावर दळल्या. आठवडाभर घरची भाकरी कडू लागली. एप्रिलपासून ते नवाराच्या भुशात ती पूड कालवायला लागले.

मी म्हटलं, "काका, बशी वेगळी, म्हैस वेगळी. मध्ये चार पोटं आहेत."

"असू देत. चारही माझ्याच घरची आहेत."

पण उन्हाळा चढला तसे काका खचत गेले. उन्हाळ्यात म्हैस माजावर आली तरी हंबरत नाही, कळतच नाही. शिवाय रोज कत्तलखान्यात उन्हाळ्यातली निस्तेज अंडाशयं हाताळून त्यांचा धीर सुटला होता. जनावरांच्या डॉक्टरला घरी बोलवा म्हटलं तर म्हणाले, "आत काय असणार? मी रोजच बघतो." खरं सांगायचं तर मीही फार आग्रह धरला नाही. मीही दमले होते.

सप्टेंबरात ते स्वतःच नवाराला घेऊन गेले. कत्तलखान्याच्या फाटकावर डॉक्टर प्रत्येक मादी तपासतो, गाभण असेल तर परत पाठवतो. तो लांब हातमोजा चढवत होता तेव्हा काका म्हणाले, "राहू द्या डॉक्टर, घरचीच आहे. रिकामी आहे. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?" मागे चाळीस जनावरं उभी होती. बयूमीचा शब्द म्हणून डॉक्टरनं मोजा उतरवला.

त्या दिवशी काका उशिरा, अकराला आले. थर्मास टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसले. बावीस वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"नवाराची नाही आणली," ते म्हणाले. "गाभण जनावराची आपल्याला चालत नाहीत ना."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"तीन महिन्यांचं पारडू होतं. खूरसुद्धा दिसत होते." मग म्हणाले, "रोज दुपारी सगळ्या गावच्या म्हशी कालव्यात बसतात. शेजाऱ्याचा रेडाही असतो. कोण लक्ष ठेवतं?"

मला त्यांचा फार राग आला, आणि लगेच रडूही आलं.

"सालीनं झालं का हो, डॉक्टरबाई?"

एका म्हशीवरून काहीच सिद्ध होत नाही. 'हो' म्हणाले असते तर त्यांनी आपलंच यश कापलं असं झालं असतं. 'नाही' म्हणाले असते तर ती दळलेली पोतीही मातीत गेली असती. मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. "इन्साफला कळू देऊ नका. विकायला तिनंच लावलं, ती हाय खाईल. रिकामीच निघाली असं सांगितलंय मी."

पुढच्या आठवड्यात इन्साफ चीजचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आली. गुडघे धरून पायरीवर बसली. काका आत बाटल्या धूत होते.

"हे जेवत नाहीत हो," ती हळूच म्हणाली. "म्हशीसाठी एवढं कोणी करतं का? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. रिकामीच होती ना ती?"

आत नळ बंद झाला.

"रिकामीच होती," मी म्हणाले. "मी स्वतः बघितलं."