तुरुंगाचे दगड

वाचनालयातल्या बाईंना काहीही विचारलं, की उत्तर देण्याआधी त्या उठायच्या. बसची वेळ असो, नाहीतर पेन्शनच्या अर्जाला काय काय जोडायचं ते असो. तोंडपाठ असलं तरी कपाटातून कागद काढणार, त्यावर बोट ठेवणार आणि मगच सांगणार. घरी सासूबाई म्हणायच्या, "हिला विचारा, ऊन पडलंय का. आधी खिडकी उघडेल, मग घड्याळ बघेल, मग सांगेल." बाईंना त्याचं काही वाटत नसे. चोवीस वर्षं त्या एकाच टेबलामागे बसल्या होत्या, आणि 'बाईंनी सांगितलंय' एवढ्यावर गावातले वाद मिटत होते. पगारापलीकडे त्यांची कमाई म्हणाल तर तेवढीच.

टेबलामागच्या लोखंडी कपाटात गावाच्या माहितीची फाईल होती. कात्रणं, जुनी पत्रकं, कुणाकुणाच्या आठवणी. आत येणाऱ्या प्रत्येक कागदाला नोंदवहीत क्रमांक आणि कोपऱ्यात गोल शिक्का. दोनशे अकरा कागद झाले होते.

एके दिवशी सातवीचे भूगोलाचे सर वह्यांचा गठ्ठा काखेत मारून आले. नदीवरच्या जुन्या पुलाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. बत्तीस पोरांनी फोनवर सापडलेला एकच मजकूर उतरवला होता, तोही भलत्याच गावच्या पुलाचा. "आपल्या नदीत जहाजं आली आहेत, बघा," सर म्हणाले. त्या नदीत उन्हाळ्यात घोटाही बुडत नसे.

दोघांचं तिथेच ठरलं. एका गुरुवारी अर्धा वर्ग वाचनालयात आणायचा, पुढच्या गुरुवारी उरलेला अर्धा. हे कोणी लिहिलं, कधी, त्याला कुठून कळलं, आणखी कुठे सापडतं का, एवढं विचारायची मुलांना सवय लावायची. नुसतं सांगून पोरं ऐकणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून फाईलमध्ये एक खोटा कागद घालायचा आणि तो मुलांनी पकडायचा.

खोटं रचायला दोघांना एक संध्याकाळ लागली आणि भलतीच मजा आली. पुलाचे दगड एका पाडलेल्या तुरुंगाचे आहेत, हे सरांनी काढलं. शेवटचा दगड तिथल्या जेलरने स्वतःच्या हाताने बसवला, हेही त्यांचंच. बाईंनी जेलरला मिशा दिल्या. खरी हकीकत नगरपालिकेच्या जुन्या अहवालात होती. दगड टेकडीमागच्या खाणीतले. अहवाल त्याच कपाटात, एक खण खाली. मुलांनी फक्त वाकायचं होतं.

कागद फाईलला लावताना बाईंनी त्याला क्रमांक दिला, दोनशे बारा, आणि शिक्का मारला. हाताला सवयच ती. बिनशिक्क्याचा कागद त्या कपाटात त्यांना बघवलाच नसता.

पहिल्या गुरुवारी सोळा मुलं आली. चौदा जणांनी तुरुंग उतरवला. सर एका चुणचुणीत मुलीला म्हणाले, तुला तरी शंका यायला हवी होती. ती म्हणाली, आली की. जेलर कशाला दगड उचलत बसेल?

"मग लिहिलंस कसं?"

"शिक्का होता ना, सर. बाई खोट्यावर कशाला शिक्का मारतील?"

सर हसले. बाईही हसल्या, जरा उशिराने. पुढच्या गुरुवारी उरलेली मुलं येणार होती, म्हणून कागद फाईलमध्येच राहिला.

मधल्या दिवसांत मोजणीकाका येऊन गेले. हे जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. आता पुलाला शंभर वर्षं होणार म्हणून पुस्तिका लिहीत होते. जुने वाचक, त्यामुळे कपाट स्वतः उघडायची त्यांना मुभा होती. बाई त्या वेळी नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. मंगळवारी काकांनी छापखान्याचं प्रूफ आणून त्यांच्यापुढे ठेवलं. शेवटचं प्रकरण नवं होतं. अर्ध्या पानाच्या कागदाची काकांनी अकरा पानं केली होती, मिशांसकट. खाली तळटीप: सार्वजनिक वाचनालय, माहिती फाईल, कागद क्रमांक दोनशे बारा.

उद्या संध्याकाळी छापायला देतो, काका म्हणाले. कसं झालंय?

"छान झालंय," बाई म्हणाल्या. काका गेल्यावर त्या बराच वेळ कव्हराचा एकच कोपरा दुमडत बसल्या.

मग सरांना फोन केला. सरांनी आधी कपाळावर हात मारून घेतला असावा, तसा आवाज आला. मग ते म्हणाले, कागद काढून टाका. पुस्तिका वाचणार किती जण? जे वाचतील त्यांना खाणीपेक्षा तुरुंगच आवडेल.

"कागद काढला तर काका खोटे पडतात, ठेवला तर मी," बाई म्हणाल्या. "आणि परवा त्याच टेबलाशी उभं राहून मुलांना खोटं पकडायला शिकवायचंय. तुम्हाला जमेल?"

सर म्हणाले, मीही येतो काकांकडे. बाईंनी नको म्हटलं. शिक्का त्यांचा होता.

बुधवारी सकाळी काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. काकांनी नळ बंद केला.

"म्हणजे तुरुंग नव्हताच?"

"नव्हता."

"आणि जेलर?"

"सरांनी रचला. मिशा माझ्या."

काका हसले नाहीत. "चाळीस वर्षं जमीन मोजली. शेजाऱ्याच्या तोंडी हद्द कधी मान्य केली नाही. साखळी टाकायची, मगच सही. इथे साखळी टाकलीच नाही मी. का? तर तुमचा शिक्का." मग म्हणाले, "काल छान झालंय म्हणालात."

"खोटं बोलले, काका."

"हं," म्हणून त्यांनी पुन्हा नळ सोडला. बाईंना बसा म्हणाले नाहीत.

पुस्तिका अकरा पानं कमी होऊन छापली गेली. काका वाचनालयात यायचे बंद झाले.

गुरुवारी उरलेली सोळा मुलं आली तेव्हा सरांनी सगळा घोटाळा सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना थांबवून स्वतः सांगितला, काहीही न गाळता. मुलं मन लावून ऐकत होती. मोठ्या माणसाची फजिती अशी आयती कुठे ऐकायला मिळते? शेवटी मागच्या खुर्चीवरच्या एकाने विचारलं, मग बाकीचे दोनशे अकरा कागद खरे कशावरून? तो चेष्टा करत नव्हता. बाई नेहमीप्रमाणे उठल्या, कपाटापर्यंत गेल्या, आणि काढायला कुठला कागदच नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढचे चार महिने तोच अभ्यास झाला. दोघा-दोघांत तीन-तीन कागद. पोरं नगरपालिकेत गेली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत शिंकली, म्हाताऱ्या माणसांना भंडावून सोडलं. पाच कागद साफ चुकीचे निघाले. त्यातला एक बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः लिहिला होता, सुवाच्य अक्षरात. त्यांनी प्रत्येकावर तांबड्या शाईने दुरुस्ती केली आणि खाली सही केली. नऊ कागदांचा मात्र ठाव लागेना. त्यांवर पेन्सिलीने लिहिलं: पडताळलेले नाही.

सासूबाईंनी विचारलं, लोक आता तुझ्यावर विश्वास ठेवतील का गं? बाई म्हणाल्या, माहीत नाही. खिडकीकडे गेल्या नाहीत.

वार्षिक परीक्षा झाल्यावर एका दुपारी मोजणीकाका आले. त्यांनी फाईल मागितली. पूर्वी ती ते स्वतः घ्यायचे. उभ्यानेच पानं उलटत त्यांनी पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या.

"या नऊ सोडून बाकीचे कोणी तपासले?"

"सातवीच्या मुलांनी."

"आणि मुलांना कोणी तपासलं?"

"मी आणि सरांनी."

"म्हणजे झालंच," काका म्हणाले. त्यांनी नऊ कागद फाईलमधून सोडवून घेतले, त्यांचे क्रमांक आपल्या वहीत लिहिले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांनी नगरपालिकेचा अहवाल मागितला. बाई खालच्या खणाशी वाकल्या.