तुपातलं पान

आमच्या आत्याचं तूप लोणावळ्यात नावाजलेलं होतं. भाची म्हणून कौतुकानं सांगत नाही. माझं नाक लहानपणापासून तिखट आहे आणि जीभ त्याहून तिखट, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. आत्या बेडसे गावात दिलेली. तिच्या गोठ्यात म्हशी होत्या, आणि घरात खाऊन उरलेलं तूप डब्यात भरून कामशेतला गाडीत बसून लोणावळ्याला जायचं. तिथं एक मुसलमान बेकरीवाले चाचा होते. त्यांची नानकटाई सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि ती आत्याच्या तुपाशिवाय भाजायची नाही असा त्यांचा नेम होता.

आमचे वडील रेल्वेत, त्यामुळं आम्ही भावंडं लोणावळ्यात वाढलो. पुढं मी पुण्याला कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते ते. वर्गात आम्ही मुली इतक्या थोड्या की आमच्यासाठी वेगळा बाक ठेवलेला असे. मला बघून बर्नर विझतो, असं एक शहाणा म्हणाला होता. मी उठून त्याच्या बर्नरचा गॅस बंद केला आणि म्हटलं, खरंच विझला की. त्यानंतर पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

सुट्टी लागली की मी आधी आत्याकडं पळायची. त्या वर्षी उन्हाळ्यात गेले तर घर गप्प. आतेभावाची बायको, आमची वहिनी, एरवी दारातच हसत यायची. ती गोठ्यात शेण भरत होती आणि मान वर करत नव्हती. आत्या स्वतः ताक घुसळत होती. सून हाताशी असताना सासू घुसळते आहे, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

हळूहळू सगळं कळलं. चैत्रात आत्याचे थोरले दीर वारले. सुतकाचे दिवस आत्या जावेपाशी बसून राहिली. पण म्हशींना सुतक कळत नाही. दूध यायचं ते आलं, लोणी साठलं. त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच वहिनीनं एकटीनं तूप कढवलं. सुतकातलं तूप देवाच्या निरांजनाला चालत नाही, म्हणून आत्यानं तो डबा बाजूला ठेवला आणि नंतर बेकरीत पाठवला. चाचांना आमचं सुतक कशाला लागतंय, हा तिचा साधा हिशेब. काही आठवड्यांनी डबा परत आला. तूप खवट झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. तिच्या हाताला गुण नाही, असं ठरलं. मग मागचं सगळं उकरून निघालं. गेल्या वर्षी कैरीच्या लोणच्याला बुरशी आली, ती कुणाच्या हातची? आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी पाळणा हलला नाही तो का? खवट तुपाचा डबा असा फिरत फिरत तिच्या कुशीपर्यंत येऊन पोचला. दिवाळीनंतर तिला माहेरी, शिरगावला, थोडे दिवस ठेवायचं ठरलं होतं. थोडे दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. आतेभावासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, आणि तेव्हा कायदाही त्याच्या आड येत नव्हता. आतेभाऊ आईपुढं तोंड उघडणाऱ्यांतला नव्हता.

मला संताप आला. तूप का खवटतं हे मला ठाऊक होतं! आमचे सर त्या वर्षी तोच प्रश्न घेऊन बसले होते. सैन्याला जाणारे तुपाचे आणि चरबीचे डबे वाटेत खराब व्हायचे, ते कसं थांबवावं असा प्रश्न. स्निग्ध पदार्थ हवेतला प्राणवायू हळूहळू आत घेतो, त्यातून नवी संयुगं होतात, ती फुटतात आणि मग तो उग्र वास सुटतो. यात कुणाचा पायगुण नसतो. मात्र काही झाडपाल्यात अशी द्रव्यं असतात की ती स्वतः प्राणवायूच्या तोंडी जातात आणि तुपाला तेवढा काळ वाचवतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणत. सर हळद, चहा, आवळा, हाताला लागेल ते चरबीत घालून बघत होते.

मी वहिनीला गोठ्यातून बाहेर बोलावलं आणि तूप कसं कढवलं ते पहिल्यापासून सांग म्हटलं. तिनं सांगितलं: लोणी धुतलं, कढईत घातलं, विस्तव मंद ठेवला, बेरी लालसर झाल्यावर उतरवलं, गाळलं.

"आणि पान?" मी विचारलं.

"सुतकात कुटलं पान?" ती म्हणाली.

मला तिथंच उलगडा झाला. आत्या तूप उतरवायच्या आधी त्यात विड्याचं पान टाकायची. ते कडकडलं, म्हणजे तूप झालं. ते कुरकुरीत पान बेरी-साखरेबरोबर कुणी खायचं यावरून आम्ही लहानपणी एकमेकांच्या झिंज्या ओढल्या आहेत. सुतकात घरात विडा नाही, म्हणून पान नाही. वहिनीनं रीत पाळली होती आणि रीत पाळल्याचीच शिक्षा भोगत होती.

धावत जाऊन आत्याला सांगितलं, तर ती रवी न थांबवता म्हणाली की पान शोभेला असतं, वासाला असतं, त्यानं तूप टिकतं हे तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या आईनं घातलं म्हणून ती घालते. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. त्या डब्यात एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, हातही आणि पानही. मग दोष हाताचा की पानाचा, हे त्या डब्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्या सरांनी हेच ऐकवलं असतं.

मी म्हटलं, आत्या, पैज लाव. एकाच मडक्यातलं लोणी घ्यायचं, त्याचे चार सारखे गोळे करायचे. दोन तू कढव, दोन वहिनी कढवेल. दोघींनी एकेक पान घालून, एकेक पानावाचून. हात वाईट असेल तर वहिनीची दोन्ही तुपं बिघडतील. पान नसल्यामुळं होत असेल, तर दोघींचं एकेक बिघडेल.

पैज म्हटल्यावर आत्याचे डोळे चमकले. ती हरणारी नव्हती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. मलाही माझं पक्कं ठाऊक होतं. एका रक्ताची ना आम्ही. फक्त एक अट तिनं घातली. बाटल्या तीच भरणार, बाटल्यांच्या गळ्याला दोरे तीच बांधणार, आणि कुठला दोरा कुणाचा हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. "न्हाईतर तू वयनीच्या बाजूनं काय बी लिवशील," ती म्हणाली. सरांनी ही अट ऐकली असती तर तिला प्रयोगशाळेत नोकरी दिली असती.

तूप कढवलं. बिनपानाचं तूप कढवताना आत्या सारखी कुरकुरत होती की असलं अर्धवट काम तिनं जन्मात केलं नाही. मग आम्हा दोघींना अंगणात पिटाळून तिनं आतून कडी लावली. बाहेर आली तेव्हा ताटात चार बाटल्या होत्या: लाल, पिवळा, हिरवा आणि काळा दोरा. वहिनी त्या बाटल्यांकडं अशी बघत होती, जणू त्यांत तिचा सगळा संसार भरून ठेवला आहे. आणि तसंच होतं ते.

पुण्याला सरांनी मला उबदार कपाटाचा एक कप्पा दिला. तूप नेहमीच्या हवेत बिघडायला फार वेळ घेतं. सतत ऊब दिली की तेच लवकर घडतं. बाटल्यांच्या तोंडाशी हवा खेळती ठेवली आणि आठवड्याच्या आठवड्याला तपासणी सुरू केली. तपासणी बघायला मोठी गंमत वाटे. थोडं तूप द्रावकात विरघळवायचं आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घालायचं. तुपात प्राणवायूनं केलेली संयुगं असतील, तर त्यांच्यामुळं आयोडीन मोकळं होतं. मग खळीचं पाणी टाकलं की सगळं निळंजांभळं. फोटो धुणारे वापरतात ते हायपो नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं, निळा रंग पुसला जाईपर्यंत. जितकं हायपो जास्त लागेल, तितकं तूप बिघडलेलं. नाकाला काही कळायच्या कितीतरी आधी हे कळतं.

सुरुवातीला चारही बाटल्या सारख्याच वागत होत्या आणि माझा धीर सुटत चालला होता. मग श्रावणात हिरव्या आणि काळ्या दोऱ्यानं उसळी घेतली. लाल आणि पिवळा जिथल्या तिथं. मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या पिटल्या. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले की चार बाटल्यांवर शास्त्र उभं राहत नाही, पुन्हा करा. मी पुन्हा केलं, पुढं कितीतरी वेळा केलं, शेवग्याचा पाला आणि कढीपत्ताही घालून बघितला. पानातलं नेमकं कुठलं द्रव्य हे काम करतं, ते मात्र आम्हाला तेव्हा सापडलं नाही. आता या द्रव्यांच्या नावानं गोळ्या विकतात आणि त्या खाल्ल्या की माणूस म्हातारा होत नाही म्हणतात. बाटलीतलं तूप टिकलं म्हणून पोटात गेल्यावर माणूसही टिकतो असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

पण माझ्या आनंदात एक मेख होती. दोन बऱ्या, दोन वाईट, एवढंच मला कळत होतं. कुठली कुणाची, ते फक्त आत्याला ठाऊक. तिनं दोन्ही वाईट बाटल्या सुनेच्या म्हणून सांगितल्या, तर त्यावर उत्तर नव्हतं. वहिनीचं नशीब आता रसायनशास्त्राच्या हातातून निसटून आत्याच्या जिभेवर जाऊन बसलं होतं. दिवाळी जवळ आली तशी मला झोप लागेना.

दिवाळीच्या बाजाराला आत्या लोणावळ्याला आली, आणि मीही पुण्याहून बाटल्या घेऊन आले. माझ्या आयोडीनवर तिचा भरवसा नव्हता. नाक हवं ते चाचांचं, असं तिचं आधीपासूनच ठरलं होतं. बेकरीच्या फळीवर मी चार बाटल्या मांडल्या. चाचांना आम्ही काहीच सांगितलं नाही. त्यांनी एकेका बाटलीतलं तूप मनगटाच्या मागच्या बाजूला चोळलं, हुंगलं, हात पुसला, पुढची घेतली. मग लाल आणि पिवळी बाटली आपल्याकडं ओढली आणि म्हणाले, ही दोन मी घेईन, ती दोन साबणवाल्याला द्या. माझंही उत्तर तेच होतं.

आत्या बाटल्यांकडं बघत राहिली. चाचांना वाटलं, तिला वाईट वाटलं. समजूत काढायला म्हणून त्यांनी लाल दोऱ्याची बाटली उचलली. "मावशी, ही तर तुमचीच. तुमचा हात मी डोळे झाकून ओळखतो."

मी आत्याकडं बघितलं. तिनं नुसतं हो म्हटलं असतं, किंवा नुसती गप्प राहिली असती, तरी सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. शिरगावची वाटही. आत्यानं पदर सारखा केला.

"न्हाई," ती म्हणाली. "ती सुनंची हाय. माजी ती काळी."

आणि काळी बाटली तिनं स्वतः उचलून साबणवाल्याच्या बाजूला आणखी थोडी सरकवली.

इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नाही. मीही तिच्याबरोबर निघाले. कामशेतला उतरल्यावर तिनं बाजारात विड्याची पानं घेतली, नेहमीपेक्षा जास्त. घरी आल्यावर वहिनीला माफी वगैरे मागितली नाही. ते तिच्या रक्तात नव्हतं. लोण्याचं मडकं उचलून सुनेच्या पुढ्यात ठेवलं, वर पानांचा पुडा ठेवला आणि हातपाय धुवायला गेली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. शिरगावचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढं वहिनीला दोन मुलं झाली. लोक त्याचंही श्रेय पानाला देतात. मी देत नाही.

आत्या बऱ्याच वर्षांनी गेली. मी बेडशाला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. म्हशींना अजूनही सुतक कळत नव्हतं, आणि वहिनी चुलीपुढं बसून लोणी कढवत होती. बेरी लालसर झाली तसं तिनं कनवटीचं पान काढलं, पुसलं आणि कढईत सोडलं. शेजारची बाई चपापली. सुतकात पान कसं, म्हणून तिनं टोकलं.

"त्यांनीच सांगून ठिवलंय," वहिनी शांतपणे म्हणाली. "सुतक मानसाला. तुपाला न्हाई."

पान कडकडलं. तिनं ते झाऱ्यानं उचललं, निववलं, वर चिमूटभर साखर घातली आणि माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं, आणि आत्या गेल्याची बातमी आल्यापासून आवरून धरलेलं रडू मला तिथं चुलीपुढं आलं.